एक जायकवाडी, तीन प्रकारची वीज

छत्रपती संभाजीनगरच्या नळांना येणारे पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून, म्हणजे नाथसागरातून येते. या जलाशयाचा मराठवाड्याच्या विजेशीही जवळचा संबंध आहे. धरणाच्या पायथ्याशी पाण्यावर वीज तयार होते. परळीच्या औष्णिक केंद्राला टंचाईच्या काळात वरून, जायकवाडीतून येणाऱ्या पाण्याची वाट पाहावी लागते. आता जलाशयाच्या पृष्ठभागावर तरंगते सौर पॅनल बसवण्याचा प्रकल्प पुढे आला आहे. वीज तयार करण्याच्या या तिन्ही पद्धतींचा हिशेब विजेच्या बिलात पूर्ण दिसत नाही. त्यातला काही भाग पाणी, हवा, जमीन आणि जलाशयावर जगणारी माणसे चुकवत असतात.

पडणाऱ्या पाण्याची वीज

पैठणचे जलविद्युत केंद्र १२ मेगावॉटचे आहे. उंचावरून येणारे पाणी टर्बाइनची पाती फिरवते, त्याला जोडलेले जनित्र फिरते आणि वीज तयार होते. सुमारे ३० मीटर उंचीवरून पडणाऱ्या पाण्यापासून एक युनिट वीज मिळवायची, तर साधारण साडेतेरा हजार लिटर पाणी खाली जावे लागते. आकडा मोठा वाटतो, पण हे पाणी संपत नाही. वीज देऊन ते पुढे वाहते. शिवाय हे यंत्र उलटेही फिरू शकते. विजेची मागणी कमी असताना खालचे पाणी पुन्हा वर चढवायचे आणि गरजेच्या वेळी सोडायचे, अशी त्याची रचना आहे.

या विजेला धूर नाही, राख नाही. तिची किंमत मात्र आधीच चुकवली गेली आहे. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचा जलाशय सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरतो. धरण मुख्यतः सिंचनासाठी बांधले गेले, वीज हा जोडलाभ. पण त्याच्या पाण्याखाली सुपीक जमीन आणि शंभरावर गावे गेली. त्यात दुष्काळाच्या वर्षी पाणी सोडता येत नाही, तेव्हा हे केंद्रही थांबते.

कोळशाची वीज, पाण्याची तहान

राज्याच्या विजेचा मोठा भाग आजही कोळशातून येतो. बीड जिल्ह्यातील परळी हे मराठवाड्यातले जुने औष्णिक केंद्र. तिथले जुने संच निवृत्त झाले असून, आता २५० मेगावॉटचे तीन संच आहेत. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेने टर्बाइन फिरवायचे, ही तिथली पद्धत. कोळशातल्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशच उष्णतेची वीज होते. उरलेली बरीचशी उष्णता थंड करण्यासाठी पाणी लागते आणि शीतमनोऱ्यांतून ते वाफ होऊन उडून जाते.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या केंद्रांसाठी पाण्याची मर्यादा घातली. ती एका युनिटमागे साडेतीन लिटर आहे. या हिशेबाने ७५० मेगावॉटचे केंद्र दिवसभर पूर्ण क्षमतेने चालले, तर सुमारे सहा कोटी लिटर पाणी लागते. परळीसाठी हे पाणी गोदावरीवरील खडका बंधाऱ्यातून घेतले जाते. बंधारा आटला की भिस्त वरच्या धरणांवर. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी केंद्रातील वीजनिर्मिती थांबली आणि २०१५ च्या पावसाळ्यात पुन्हा तीच वेळ आली. कोळसा उपलब्ध असूनही पाणी नाही म्हणून केंद्र बंद, हे मराठवाड्याने पाहिले आहे.

राख आणि फुप्फुसे

एक युनिट विजेसाठी साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. त्यातून जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४० टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे प्रत्येक युनिटमागे सुमारे पाव किलो राख उरते. ही राख सिमेंट आणि विटांसाठी वापरली जाते, उरलेली तलावात साठवली जाते. तलाव कोरडे पडले किंवा उघड्या वाहनांतून वाहतूक झाली, की ती वाऱ्यावर उडते आणि शेतात, घरात, अन्नावर बसते.

डोळ्यांना दिसणाऱ्या राखेपेक्षा न दिसणारे कण अधिक घातक ठरतात. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण नाक आणि घशात न अडकता फुप्फुसांत खोलवर जातात, त्यातले काही रक्तात मिसळतात. दमा आणि जुनाट खोकल्याबरोबरच हृदयविकार व पक्षाघाताचा धोकाही त्यामुळे वाढतो. धुरातील सल्फर डायऑक्साइडचे हवेत असेच सूक्ष्म कण बनतात आणि ते वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांना याचा त्रास सर्वाधिक होतो.

पाण्यावरचे ऊन

सौर पॅनलमध्ये काहीच फिरत नाही. सिलिकॉनवर प्रकाश पडला की त्यातील इलेक्ट्रॉन वाहू लागतात. धूर नाही, थंड करण्यासाठी पाणी नाही. पॅनल पाण्यावर तरंगते ठेवले तर जमीन वाचते, पाण्याच्या गारव्याने वीज थोडी अधिक मिळते आणि खालचे बाष्पीभवन घटते. जायकवाडीसारख्या पसरट, उथळ जलाशयासाठी हा लाभ लहान नाही. धरण भरलेले असताना एक सेंटिमीटर पाणी उडाले, तरी ३५० कोटी लिटर जातात.

पण हाच जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात रोहित, चक्रवाक, पट्टकादंब असे पाहुणे इथल्या उथळ काठांवर उतरतात. अनेक कुटुंबांची चूल इथल्या मासेमारीवर पेटते. टीएचडीसी कंपनीच्या तरंगत्या प्रकल्पाविरुद्ध कहार समाजाच्या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. लवादाने ती फेटाळली आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपास नकार दिला. कायद्याची वाट मोकळी झाली, तरी पॅनल कुठे आणि किती, काठ मोकळे राहतील का, जाळी टाकायला जागा किती उरेल, हे प्रश्न उरतातच. पॅनल खूप दाट बसवले तर पाण्यात प्रकाश आणि प्राणवायू कमी होऊ शकतो. त्यामुळे उत्तरे प्रकल्प उभा राहण्याआधीच ठरायला हवीत. शिवाय सूर्य मावळल्यावर ही वीज थांबते, आणि संध्याकाळच्या दिव्यांसाठी बॅटरी किंवा पाणी वर चढवून ठेवण्याची जुनीच युक्ती लागते.

घरातला हिशेब

घराच्या गच्चीवरील पॅनलला ना जलाशय लागतो ना शेत. पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरगुती संचासाठी ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्याहून स्वस्त उपाय बचतीचा. साधा पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो, नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. रोज १२ तास चालणारा एक पंखा बदलला, तर दिवसाला अर्धे युनिट वाचते. म्हणजेच कोळशाच्या विजेतील सुमारे दोन लिटर पाणी, शंभर ग्रॅमहून अधिक राख आणि अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड रोज वाचतो. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या मराठवाड्याला यातला पाण्याचा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.