जळगाव व धुळे शहरांच्या पेयजलातील लेशमूलद्रव्ये : स्रोत, मापन व अर्थनिर्णय

प्रस्तावना :
पाण्यात अत्यल्प प्रमाणात आढळणाऱ्या मूलद्रव्यांना लेशमूलद्रव्ये म्हणतात. तांबे व जस्त शरीराला अल्प प्रमाणात आवश्यक असतात. शिसे व कॅडमियम यांचा मात्र शरीराला कोणताही उपयोग नाही. शिशामुळे बालकांच्या मेंदूच्या वाढीवर विपरीत परिणाम होतो. म्हणून 'पाणी पिण्यास योग्य' हा निष्कर्ष कोणत्या नमुन्यावर आधारलेला आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते.

स्रोत व भूरचना :
जळगाव शहरास प्रामुख्याने वाघूर धरणातून पाणी मिळते. धुळे शहराची भिस्त तापी योजना, नकाणे तलाव व पांझरा नदीवरील अक्कलपाडा धरण यांवर आहे. खानदेशाचा बराचसा भाग बेसॉल्ट खडकाचा असून तापीकाठी गाळाचे जाड थर आहेत. बेसॉल्टमध्ये लोह, मँगॅनीज, तांबे, जस्त व निकेल यांचे प्रमाण तुलनेने अधिक, तर शिसे व कॅडमियम यांचे प्रमाण अल्प असते. उन्हाळ्यात जलाशयाच्या तळाशी प्राणवायू कमी झाल्यास गाळातील लोह व मँगॅनीज पाण्यात विरघळतात. त्यामुळे ही दोन मूलद्रव्ये वाढलेली आढळल्यास कारण जलाशयात शोधावे; शिसे आढळल्यास मात्र खडकाकडे बोट दाखवून भागत नाही.

नळापर्यंतचा प्रवास :
या शहरांत पाणी काही दिवसांच्या अंतराने सोडण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ आहे. खंडित पुरवठ्यात पाणी जलवाहिनीत, तसेच घरातील टाकीत व नळांत साचून राहते. या काळात जस्तलेपित लोखंडी नळ, पितळी तोट्या व डाख यांतून जस्त, तांबे आणि शिसे पाण्यात उतरू शकते. पीव्हीसी नळांच्या निर्मितीत शिसेयुक्त स्थिरकारके वापरली जात असत. त्यांवर निर्बंध घालणारे नियम केंद्र शासनाने २०२१ मध्ये केले. जुने नळ आजही वापरात असू शकतात. साहजिकच जलशुद्धीकरण केंद्रातील नमुना घरातील पाण्याची ग्वाही देऊ शकत नाही.

प्रमाणके व मापन :
आयएस १०५०० या भारतीय मानकाच्या १९९१ च्या आवृत्तीत शिशाची मर्यादा प्रति लिटर ०.०५ मि.ग्रॅ. व कॅडमियमची ०.०१ मि.ग्रॅ. होती. २०१२ मध्ये त्या अनुक्रमे ०.०१ व ०.००३ मि.ग्रॅ. झाल्या. अर्थात जुन्या अभ्यासात 'मर्यादेच्या आत' ठरलेला नमुना नव्या निकषावर अयोग्य ठरू शकतो. मापनपद्धतीचाही विचार आवश्यक आहे. महाविद्यालयीन प्रयोगशाळांना परिचित असलेल्या ज्वाला अणुशोषण पद्धतीची शिशासाठीची शोधक्षमता या मर्यादेच्याच आसपास थांबते. अशा वेळी 'आढळले नाही' याचा अर्थ 'मर्यादेपेक्षा कमी' असा घेता येत नाही. त्यासाठी ग्राफाइट भट्टी किंवा आयसीपी-एमएस ही अधिक संवेदनक्षम पद्धत वापरावी लागते.

निष्कर्ष :
स्रोत, शुद्धीकरण केंद्र व घरातील नळ अशा तिन्ही ठिकाणांहून नमुने घेतले, तरच मूलद्रव्य कोठे मिसळले हे कळते. नळाचे नमुने रात्रभर साचलेल्या पहिल्या पाण्याचे व काही वेळ वाहू दिलेल्या पाण्याचे असे दुहेरी असावेत. उन्हाळा व पावसाळा असे दोन्ही ऋतू अभ्यासात यावेत. नमुना घेण्याचे ठिकाण, वेळ व मापनाची शोधमर्यादा यांची नोंद नसलेला अहवाल नागरिकांना आश्वस्त करण्यास पुरेसा नाही.