बादली भरणारी नायिका

ऐन सबमिशनच्या दिवसांत कथा कशी लिहावी हे सांगणारी ही कोण शहाणी, असं तुम्हाला वाटणार. वाटू दे. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, मराठी फक्त पास होण्यापुरतं. त्यामुळे पहिली मराठी कथा मी शब्दकोश मांडीवर घेऊन लिहिली आणि ती साफ फसली. कशी फसली ते सांगते, म्हणजे तुमचे चार कागद तरी वाचतील.

झालं असं, की गेल्या सेमिस्टरला पेपरच्या आदल्या रात्री माझ्या रूममेटला घरून फोन आला. तिचे आजोबा गेले होते. लहानपणी तिला त्यांनीच सांभाळलेलं. मला वाटलं, यावर कथा व्हायलाच हवी. (तिला विचारलं नाही, ही पहिली चूक.) मी सुरुवातीला काळेकुट्ट ढग आणले. मग लिहिलं, 'तिच्या हृदयावर जणू वज्राघात झाला. नयनांतून अश्रुधारा वाहू लागल्या.' वडिलांच्या तोंडी वाक्य घातलं, 'बाळ, आजोबा आपल्याला पोरकं करून अनंतात विलीन झाले!'

तिने वाचून कागद परत दिले. म्हणाली, "हे माझे आबा नाहीत गं. सिरियलमधलं कुणीतरी वाटतंय. आणि मी रडले कुठे तेव्हा? फोन ठेवला आणि बादली भरायला गेले. साडेनऊला पाणी जातं ना आपल्याकडे."

"आणि पप्पा काय म्हणाले?"

"आबा गेले. तू येऊ नको, पेपर दे."

मला फार लाज वाटली. मी त्याच खोलीत होते, बादलीचा आवाजही ऐकला होता, आणि लिहिताना मात्र ढग आठवले!

तेव्हापासून मी एकच नियम पाळते. पात्राला काय वाटलं ते लिहायच्या आधी, त्या क्षणी त्याचे हात काय करत होते ते लिहायचं. बहुतेक वेळा पुढचं लिहावंच लागत नाही. हेमिंग्वेने १९३२ साली 'डेथ इन द आफ्टरनून' या पुस्तकात हिमनगाचं उदाहरण दिलं आहे : एक अष्टमांश भाग पाण्यावर, बाकीचा खाली. आपण इंजिनिअर लोक, लगेच गणित करणार. बर्फाची घनता सुमारे ९१७, समुद्राच्या पाण्याची सुमारे १०२५ किलो प्रति घनमीटर, म्हणजे जवळजवळ नऊ दशांश बर्फ पाण्याखाली. साहेबांचा हिशोब फार चुकला नाही. पण त्याची अट लोक विसरतात. जे गाळायचं ते लेखकाला पक्कं माहीत हवं, नाहीतर कथेत नुसती पोकळी राहते. माझी पंचाईत तीच होती. आबा मला माहीतच नव्हते, म्हणून शब्दकोश लागला.

संवादांचं म्हणाल तर ते मोठ्याने वाचून बघा. फोनवर घरचं माणूस असं बोलेल का? 'उद्गारली', 'वदली', 'पुटपुटली' काही नको, 'म्हणाली' पुरतं. आणि आपल्या बोलीची लाज वाटत असेल तर नेमाड्यांची 'कोसला' वाचा. १९६३ साली ती आली तेव्हा ते पंचविशीत होते. खानदेशातून पुण्याला शिकायला आलेला, होस्टेलवर राहणारा पांडुरंग सांगवीकर बोलल्यासारखंच सगळं सांगत जातो. मनी या धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा भाग मी मेसच्या लायनीत उभी राहून वाचला आणि नंबर आला तरी पुढे सरकले नाही.

ढगांचा परिच्छेद अर्थात उडवला. पहिला परिच्छेद बहुधा उडवण्याजोगाच असतो, आपण तिथे नुसते घसा साफ करत असतो.

दुसऱ्या खर्ड्याआधी मात्र रूममेटला रीतसर विचारलं, आबांबद्दल तासभर ऐकून घेतलं. तिने गावाचं नाव बदलायला लावलं आणि आबांची एक गोष्ट कथेत अजिबात घालायची नाही असं बजावलं. ती मला माहीत आहे. कथेत नाही आणि इथेही नाही. कथा चार पानांची दीड पान झाली. आता शेवट अडलाय. बादली भरून वाहू लागते तिथेच थांबावं, की ती नळ बंद करते तेही लिहावं, यावर आमच्या खोलीत रोज भांडण चालू आहे.