डिंगल येथील तीन महिने

युरोप खंडाच्या अगदीं पश्चिम कडेला, आयर्लंडच्या केरी परगण्यांत, समुद्रांत दूरवर घुसलेला एक चिंचोळा डोंगराळ भूभाग आहे. त्याच्या दक्षिण अंगास एका सुरक्षित खाडीच्या आश्रयानें डिंगल नांवाचें दोनेक हजार वस्तीचें गांव वसलेलें आहे. आमचे चिरंजीव संगणकाचें काम घरीं बसूनच करतात. डब्लिन शहरांतील घरभाड्यास कंटाळून ते सहकुटुंब येथें राहावयास आले आणि त्यांच्या आग्रहावरून आम्हीं उभयतांनीं मेच्या आरंभापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तेथें मुक्काम केला. प्रवासवर्णनांत किल्ले व राजवाडे पुष्कळ असतात. आम्ही येथें सांगणार आहों तें तेथील साध्या दिनक्रमाविषयीं, व त्या दिनक्रमांतून आमच्या मनांत उभ्या राहिलेल्या एका प्रश्नाविषयीं.

पहिली अडचण आणली ती प्रत्यक्ष सूर्यनारायणानें. जून महिन्यांत तेथें सूर्य मावळतो तो रात्रीं दहाच्या सुमारास, आणि पहाटे सव्वापांच-साडेपांचास पुन्हां हजर होतो. सायंसंध्या करावी तर ती निजण्याच्या वेळीं, आणि देवापुढें दिवा लावावा तर बाहेर लख्ख ऊन! या प्रश्नाचा आम्हीं दोन दिवस शास्त्रीय ऊहापोह केला. अखेर सौभाग्यवतींनीं घड्याळ प्रमाण मानून साडेसातांस दिवा लावण्यास प्रारंभ केला आणि वाद मिटला.

पाऊस तेथें बाराहि महिने असतो. तो शेजाऱ्यासारखा न कळवितां येतो आणि तसाच निघून जातो. बारीक बुरबुर चालू असलेल्या दिवसास ते लोक 'मृदु दिवस' म्हणतात, व भेटणारा प्रत्येक मनुष्य प्रथम हवेविषयीं दोन शब्द बोलल्यावांचून पुढें जात नाहीं. समुद्रांतील उबदार प्रवाहामुळें थंडीहि बेताचीच. त्यामुळें मूळची दक्षिण अमेरिकेतील फ्यूशियाचीं झुडुपें तेथील रस्त्यांच्या कडेस कुंपणासारखीं माजलेलीं आहेत. उन्हाळ्यांत त्यांवर तांबडीं, लोंबतीं फुलें येतात.

खाण्यापिण्याचे हाल होतील अशी भीति होती, ती व्यर्थ ठरली. हे लोक आपल्याप्रमाणेंच दूध घातलेल्या चहाचे भक्त आहेत. दूध व लोणी तर असें कीं, गोकुळाची आठवण व्हावी. शेजारीं सत्तरीच्या एक विधवा बाई राहत. त्या कणीक, ताक, मीठ व खाण्याचा सोडा यांची भाकरीसारखी जाड, गोल पोळी भट्टींत भाजीत. सौभाग्यवतींनीं ती कृति उचलली आणि मोबदल्यांत बाईंस थालीपीठ शिकविलें. बटाटा मात्र रोजच्या पानांत असावयाचाच. याच पिकावर रोग पडून १८४५ ते १८५२ या वर्षांत त्या देशांत जो दुष्काळ झाला, त्यांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं व तितकींच देश सोडून गेलीं. ही हकीकत वाचल्यावर पानांतील बटाट्याकडे आम्ही निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों.

गांवांतील एका दुकानांत एका बाजूस खिळे, कड्या, कुलुपें विकतात आणि समोरच्याच फळीवर मद्य मिळतें. अशा ठिकाणीं रात्रीं सारंगी व बासरी वाजते, आणि आमच्यासारख्या निर्व्यसनी मनुष्यास चहा मागितला तरी कोणी हंसत नाहीं. बंदरावर मासेमारीच्या होड्या लागतात. तेथेंच एका डॉल्फिनाचा ब्रांझचा पुतळा आहे. हा जलचर १९८३ च्या सुमारास खाडींत एकटाच आला आणि २०२० च्या आक्टोबरांत दिसेनासा झाला. मधल्या काळांत त्याच्या दर्शनास येणाऱ्या प्रवाशांवर कित्येक नावाड्यांचे संसार चालले. त्याच्याविषयीं ते लोक घरच्या माणसाविषयीं बोलावें तसें बोलतात.

आतां मुख्य गोष्ट. हा सर्व मुलूख आयरिश भाषेसाठीं राखलेल्या प्रदेशांत मोडतो. पाट्या आयरिशमध्यें, प्राथमिक शिक्षण आयरिशमध्यें. संस्कृताच्या विद्यार्थ्यास तर ही भाषा म्हणजे दूर देशीं अकस्मात् भेटलेली आप्त मंडळी वाटते. तीन म्हणजे 'त्री', सात म्हणजे 'शख्त', आठ म्हणजे 'ओख्त'. गाय म्हणजे 'बो', तेंच आपलें 'गो'. रस्त्यास 'बोहर' म्हणतात, मूळ अर्थ गाईंची वाट. मुलग्यास 'बूखिल' म्हणतात, मूळ अर्थ गुराखी, म्हणजे आपला गोपालच! 'दिया' म्हणजे देव. वर सांगितलेल्या फ्यूशियाच्या फुलांस 'द्योरा जे' म्हणतात, म्हणजे देवाचे अश्रु. 'होय' व 'नाहीं' यांस त्या भाषेंत स्वतंत्र शब्दच नाहींत, 'समजलें का?' असें विचारल्यास आपल्या घरांतल्याप्रमाणें 'समजलें' हेंच उत्तर यावयाचें. हिंदुस्थान सरकारचे कायदेमंत्री म्हणून १८७७ ते १८८२ या काळांत काम केलेले व्हिटली स्टोक्स हे गृहस्थ जन्मानें डब्लिनचे, व प्राचीन आयरिशचे मोठे पंडित होते, हेंहि येथें सांगण्यासारखें आहे.

परंतु या भाषेची आजची स्थिति पाहून मन उदास होतें. १९३७ च्या राज्यघटनेनें तिला पहिल्या राजभाषेचा मान दिला. २०२२ च्या खानेसुमारींत सुमारें १८ लक्ष ७४ हजार लोकांनीं आपणांस आयरिश येते असें सांगितलें. शाळेबाहेर ती रोज बोलणारे निघाले अवघे ७२ हजार! पाटीवरून तर खुद्द डिंगलमध्येंच रण माजलें. २००५ सालीं सरकारनें गांवाचें इंग्रजी नांव रद्द करून केवळ आयरिश नांव ठेवलें. प्रवासी वाट चुकतील म्हणून गांवकरी संतापले. २००६ सालीं त्यांनीं दोन्ही नांवांस कौल दिला आणि २०११ मध्यें कायद्यानें तो मान्य झाला.

ग्रंथांचीहि हीच कथा. पलीकडच्या ब्लास्केट बेटावर पेग सेयर्स नांवाच्या बाई राहत. त्यांनीं आपलें चरित्र मुलास सांगून लिहविलें, तें १९३६ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें तें शाळांत नेमलें गेलें आणि पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांनीं त्यास नाकें मुरडलीं. चांगल्या ग्रंथास परीक्षेची दृष्ट लागते, हें आम्हीं पस्तीस वर्षांच्या अध्यापनांत पाहिलेलें आहे. ज्या बेटावर ती भाषा वाहत होती, तें १९५३ सालीं ओस पडलें. शेवटचीं बावीस माणसें किनाऱ्यावर आणावीं लागलीं.

मग ही भाषा जिवंत आहे तरी कोठें? तें आम्हांस शेजारच्या बाईंच्या स्वयंपाकघरांत दिसलें. जून-जुलैंत शहरांतील मुलें तीन-तीन आठवडे आयरिश शिकावयास येतात व अशा बाईंच्या घरीं उतरतात. या गृहिणीस 'बान अन टी' म्हणजे घरची बाई म्हणतात. पुण्यांत पूर्वीं विद्यार्थी वार लावून जेवत, त्याची आठवण झाली; मात्र येथें पैसे दिले जातात. मुलानें इंग्रजींत दूध मागितलें कीं, बाईंस तें ऐकूंच येत नसे. त्या भांडें घांशीत राहत. मूल अडखळत 'बान्ये' म्हणाले कीं पेला पुढें येई. रागावणें नाहीं, उपदेश नाहीं, गुण नाहींत. तिसऱ्या आठवड्यांत एक डब्लिनचा पोर सकाळीं डोळे चोळीत आला व अर्धवट झोपेंतच त्यानें आयरिशमध्यें लोणी मागितलें. बाईंनीं आमच्याकडे पाहून नुसती मान हलविली.

याच बाईंच्या दोन मुलांपैकीं एकहि गांवांत नाहीं. पुष्कळ घरें सुट्टीपुरतीं किंवा प्रवाशांसाठीं राखलेलीं, उरलेल्यांच्या किंमती तरुणांच्या आवांक्याबाहेर. ज्या भाषेसाठीं प्रवासी कौतुकानें येतात, ती बोलणाऱ्यासच तेथें राहावयास जागा मिळत नाहीं. स्वयंपाकघरच नसेल तर दूध कोण कोणत्या भाषेंत मागणार?

हा प्रश्न आमच्या घरांतहि होता. सहा वर्षांची नात शाळेंत 'बान्ये' म्हणे, आईबापांशीं इंग्रजी बोले, आणि आजीचें मराठी ऐकून उत्तर इंग्रजींत देई. मुलास व सुनेस वेळ नाहीं, हें खरें आहे. त्यांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु सौभाग्यवतींनीं शेजारच्या बाईंचा कित्ता गिरविला. 'मिल्क' म्हटलें कीं त्यांस ऐकूं येईनासें झालें. पहिले चार दिवस रुसवे झाले. सहाव्या दिवशीं 'आजी, दूध' असे दोन शब्द आले. निघेपर्यंत 'आजी, साखर घातलेलें दूध दे' इतकी मजल गेली.

आतां दर रविवारीं दूरध्वनीवर नातीचें तोंड दिसतें. प्रथम इंग्रजीच येतें. आजी कांहीं बोलत नाहींत, नुसत्या वाट पाहतात. कधीं मराठी येतें, कधीं येत नाहीं. ज्यांचीं नातवंडें परदेशीं आहेत, आणि ज्यांचीं पुण्या-मुंबईंतच इंग्रजी शाळांत आहेत, अशा वाचकांनीं मराठीच्या अभिमानाचीं भाषणें अवश्य ऐकावीं. पण त्या दिवशीं घरीं मुलानें दूध कोणत्या शब्दानें मागितलें, याचीहि चौकशी करावी.