आजार नाही, पण जोखीम आहे

आनुवंशिक कॅन्सरची तपासणी सुईपासून सुरू होत नाही. आधी समुपदेशक कोरा कागद पुढे ओढतो आणि वंशवृक्ष काढायला घेतो. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ. ज्याला कॅन्सर झाला त्याचा आकार काळा भरायचा, जो गेला त्यावर तिरकी रेघ मारायची आणि समोर बसलेल्या व्यक्तीकडे बाण दाखवायचा. किमान तीन पिढ्या मांडायच्या. "मावशी कशाने गेल्या?" "पोटात पाणी झालं होतं." बऱ्याच घरांत एवढंच सांगता येतं. पण अंडाशयाचा कॅन्सर पोटात पसरला की पाणी साठतं, त्यामुळे जाणकाराला तेवढ्या उत्तरातही धागा सापडतो.

सगळ्या कॅन्सरपैकी साधारण 5 ते 10 टक्केच आनुवंशिक असतात. त्यांचं गणित आल्फ्रेड नडसन यांनी 1971 मध्ये डोळ्यांच्या पडद्याच्या कॅन्सरवरून मांडलं. पेशीला आवर घालणाऱ्या जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. दोन्ही बिघडल्या तर पेशी मोकाट सुटते. काही जणांत एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली असते, म्हणून दुसरा घाव पुरतो आणि कॅन्सर कमी वयात गाठतो.

बीआरसीए-1 हे जनुक 1994 मध्ये हाती लागलं, बीआरसीए-2 पुढच्या वर्षी. तुटलेला डीएनए सांधणं हे या दोघांचं काम. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः पाश्चात्त्य कुटुंबांच्या मोठ्या अभ्यासात बीआरसीए-1 मध्ये दोष असलेल्या स्त्रियांना ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाच्या कॅन्सरची जोखीम 72 टक्के, तर अंडाशयाच्या कॅन्सरची 44 टक्के आढळली. बीआरसीए-2 साठी हेच आकडे 69 आणि 17. हा दोष प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो वा मुलगी. आपल्याकडे फक्त आईच्या माहेरची चौकशी होते, पण दोष वडिलांकडूनही येतो. आत्याचा आजार मावशीच्या आजाराइतकाच महत्त्वाचा आहे.

खरा पेच वयाचा आहे. बीआरसीएची चाचणी सहसा अठरा वर्षांनंतरच करतात. स्तनांचं एमआरआय साधारण पंचविशीपासून सुरू होतं. बीआरसीए-1 मध्ये दोष असेल तर अंडाशय आणि बीजनलिका काढण्याचा सल्ला मूल झाल्यावर, पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान दिला जातो. म्हणजे विसाव्या वर्षी रिपोर्ट आला तर पुढची कित्येक वर्षं वैद्यकशास्त्र एवढंच सांगतं: लक्ष ठेवा. याच वर्षांत शिक्षण असतं, पहिली नोकरी असते आणि घरात स्थळं बघायला सुरुवात झालेली असते. मुलगी पेशंट नाही, पण तिला निर्धास्तही राहता येत नाही. आधाराची गरज या वर्षांत सर्वांत जास्त असते.

तज्ज्ञांच्या सल्ल्याबाबतीत मुंबईकर नशीबवान आहेत. कांजूरमार्गहून धीम्या लोकलने थेट परळला टाटा मेमोरियल रुग्णालयात जाता येतं. कुर्ल्याला हार्बर पकडली की खारघरला त्यांचंच ॲक्ट्रेक हे संशोधन केंद्र आहे. कॅन्सर जनुकशास्त्राचं देशातलं मोलाचं काम तिथे चालतं. पण सल्ल्याची वेळ वर्षातून एकदोनदाच येते. मनातला प्रश्न मात्र रात्री अकराला उठतो: "लग्नाआधी सांगायचं का?" "धाकट्या भावाला कोण सांगणार?" हे प्रश्न ऑनलाइन आधारगट पेलू शकतो. अमेरिकेत स्यू फ्रीडमन यांनी 1999 मध्ये आनुवंशिक कॅन्सरची जोखीम असलेल्यांसाठी 'फोर्स' ही संस्था काढली. मुंबईत बालपणी कॅन्सरमधून बरे झालेल्या तरुणांचा इंडियन कॅन्सर सोसायटीचा 'उगम' हा गट 2009 पासून आहे. त्याच वाटेने गेलेल्या माणसाचा शब्द वेगळाच धीर देतो, हे असे गट दाखवून देतात.

मात्र आपल्याकडची सोय आपली घरं पाहून करायला हवी. कांजूरच्या वन रूम किचनमध्ये चार माणसं असताना व्हिडिओ कॉलवर "माझा बीआरसीए पॉझिटिव्ह आहे" असं कोण बोलेल? तिथे टाइप करून होणारा संवादच कामाचा. 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांनी डॉक्टरांना व्हिडिओ आणि फोनबरोबर लेखी संदेशातूनही सल्ला द्यायची मुभा दिली आहे. गटात खरं नाव न सांगता वावरता आलं पाहिजे, भाषा मराठी हवी आणि मुलग्यांनाही तितकीच जागा हवी.

आणखी एक अट अगदी गरजेची: गटात प्रशिक्षित जनुकीय समुपदेशक असलाच पाहिजे. कारण अनेक रिपोर्टांत 'बदल आढळला, अर्थ अनिश्चित' असा शेरा येतो. जगातली जनुकीय माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची असल्याने भारतीयांत असे शेरे अधिक येतात. पुढे पुरावा जमला की त्यातले बहुतेक निरुपद्रवी ठरतात. अशा शेऱ्यावरून ऑपरेशनचा निर्णय घ्यायचा नसतो. पण भेदरलेल्या मुलीला तिच्यासारख्याच भेदरलेल्यांनी सल्ला दिला, तर नको ते घडू शकतं. धीर सोबत्यांनी द्यावा, रिपोर्टचा अर्थ मात्र जाणकारानेच सांगावा.

तोवर हातात असलेलं करू या. दोन्हीकडच्या नातेवाइकांचे आजार आणि ते कोणत्या वयात झाले, हे आजीआजोबा आहेत तोवर विचारून लिहून ठेवा. चाचणीआधी समुपदेशन घ्या. मन फारच सैरभैर झालं तर 14416 या 'टेलि-मानस' क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, तेही विनामूल्य. जोखीम वेळेत कळणं ही मोठी संधी आहे, पण ती पेलायला विशीतल्या मुलांना एकटं सोडलं तर ती शिक्षाच ठरेल. म्हणून रिपोर्ट हातात पडेल त्याच दिवशी आधारगटाचा पत्ताही हातात पडायला हवा. दवाखान्यांनी ही आपलीच जबाबदारी मानावी.