यंत्राचा हात आणि माणसाचा डोळा

परीक्षेचा अर्ज आतां घरबसल्या संगणकावर भरतां येतो. विद्यार्थी ब्राउझरमध्यें पान उघडतो, नांव लिहितो, विषय निवडतो व अखेरचें बटण दाबतो. ऐन शेवटच्या दिवशीं त्या बटणानें दगा दिला, तर एखाद्याचें वर्ष वायां जावयाचें. म्हणून अशा पानांत लहानसा बदल केला, तरी संपूर्ण अर्ज आरंभापासून भरून पाहणें संबंधितांस भाग पडतें. तेंच काम दहाव्यांदा करतांना माणूस कंटाळतो, आणि कंटाळलेल्या नजरेंतून चूक निसटते. कृति एकदां टिपून ठेवावी व यंत्राकडून ती हवी तितक्या वेळां करवून घ्यावी, ही युक्ति या अडचणींतूनच निघाली.

२००४ सालीं शिकागो येथें थॉटवर्क्स कंपनींतील जेसन हगिन्स यांनीं कचेरींतील वेळेचा व खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या तपासणीसाठीं एक साधन तयार केलें. त्याचें नांव सेलेनियम. एका प्रतिस्पर्धी कंपनीच्या नांवांत मर्क्युरी, म्हणजे पारा, हा शब्द होता. पाऱ्याच्या विषावर सेलेनियमचा उतारा, असा त्यांत विनोद आहे. पुढें जपानांतील शिन्या कासातानी यांनीं फायरफॉक्स ब्राउझरला जोडावयाचें ‘सेलेनियम आयडीई’ लिहिलें व २००६ सालीं तें सेलेनियमच्या स्वाधीन केलें. त्यामुळें संगणकाची भाषा न शिकलेल्या माणसासही आपल्या कृति टिपून त्या पुन्हां करवून घेणें साधलें.

हें टिपण कसलें, तें नीट समजून घेतलें पाहिजे. ग्रामोफोनच्या तबकडींत गाण्याचा ठसाच असतो. येथें तसें नाहीं. पेटी वाजविणाऱ्यानें कोणत्या पट्ट्या कोणत्या क्रमानें दाबल्या, एवढेंच कोणी लिहून ठेवावें, तसें हें टिपण असतें. पुन्हां तेच सूर काढावयाचे तर पेटी हवी, आणि तिच्या पट्ट्या ओळखतां आल्या पाहिजेत. ब्राउझरमधील पानाची रचना मात्र वारंवार बदलते. पहिली अडचण येथेंच उद्भवते.

‘तिसऱ्या बाकावरील दुसरा मुलगा’ अशी खूण शिक्षकानें लक्षांत ठेवली आणि मुलांच्या जागा बदलल्या, तर भलताच मुलगा उभा राहतो. नांवानें हांक मारली, तर मुलगा कोठेंही बसलेला असो, ओ देतो. टिपणांतही बटणाची खूण नुसत्या जागेवरून असली, तर पान थोडें हलतांच काम अडतें. ‘अर्ज पाठवा’ या दिसणाऱ्या अक्षरांवरून असली, तर तें पुष्कळदां निभावतें. २०२२ सालीं क्रोम ब्राउझरमध्यें आलेला ‘रेकॉर्डर’ यासाठींच एकाच बटणाच्या अनेक खुणा टिपून ठेवतो व एक लागू न पडल्यास दुसरी वापरून पाहतो.

दुसरी अडचण धीराची. पान पुरतें येईपर्यंत माणूस सहज थांबतो. यंत्र तें येण्यापूर्वींच बटण शोधूं लागतें. ‘पांच सेकंद थांब’ ही आज्ञा कच्ची; संपर्क मंद असेल तर पांच सेकंद पुरत नाहींत, जलद असेल तर ते फुकट जातात. ‘बटण दिसून दाबण्याजोगें होईपर्यंत थांब’ असें सांगणें हा खरा उपाय. मायक्रोसॉफ्टचें २०२० सालचें ‘प्लेराइट’ ही खबरदारी आपण होऊन घेतें.

तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची. अर्ज भरणारा फीचा आंकडा पडताळतो, अखेरीस ‘अर्ज मिळाला’ ही अक्षरें वाचतो. पण वाचतांना हात हालत नाहीं, म्हणून टिपणांत तें उतरत नाहीं. मग फी शंभराऐवजीं हजार दिसली, तरी यंत्र सर्व बटणें बिनचूक दाबून ‘काम पार पडलें’ असें सांगेल. तेव्हां ‘येथें हा आंकडा असलाच पाहिजे’ अशीं तपासणीचीं कलमें माणसानें विचारपूर्वक घालावीं लागतात.

आणखी दोन गोष्टींची सावधगिरी हवी. टंकलेला गुप्तशब्द टिपणांत उघड्या अक्षरांत राहूं शकतो. तें टिपण कोणाच्याही हातीं देऊं नये. तसेंच पैसे भरण्याची किंवा अर्ज पाठविण्याची कृति खऱ्या खात्यावर पुन्हां केली, तर ती खरोखरच दुसऱ्यांदा घडेल. म्हणून हे प्रयोग तपासणीसाठीं ठेवलेल्या वेगळ्या प्रतीवर करावे.

शिवाय साधनही जुनें होतें. २०१७ सालीं फायरफॉक्सची ५५ वी आवृत्ति आली आणि जुनें सेलेनियम आयडीई तींत चालेनासें झालें. पुढें तें क्रोम व फायरफॉक्स या दोहोंसाठीं नव्यानें लिहावें लागलें. एकदां टिपलें म्हणजे कायमचें झालें, असें कोणीं समजूं नये. पान बदललें कीं टिपण पुन्हां वाचावें, कलमें सुधारावीं व मगच यंत्राच्या साक्षीवर विसंबावें. एवढी काळजी घेतली, तर शेवटच्या दिवशीं अर्ज भरावयास बसलेल्या विद्यार्थ्याला त्या बटणाची धास्ती बाळगण्याचें कारण बरेंच कमी होईल.