तीन राजे आणि एक बेट



मी भूगोल शिकवीत असें, तेव्हां राज्यांच्या सीमा पाठ करवून घेण्यांतच वर्ष सरे. त्या सीमांखालची जमीन कशाची आहे, हें विचारावयाचें राहूनच जाई. पुढें खडकांचा नाद लागला आणि ही चूक उमगली.

इ. स. १८३१ च्या जुलैंत सिसिलीच्या दक्षिणेस समुद्रतळींच्या ज्वालामुखीचा उद्रेक होऊन एक नवें बेट वर आलें. उंची सुमारें ६० मीटर. पण जागा भूमध्य समुद्राच्या हमरस्त्यावरची! ऑगस्टांत इंग्रजांनीं तेथें निशाण रोवून त्यास 'ग्रॅहॅम' म्हटलें. नेपल्सच्या दुसऱ्या फर्डिनंड राजानें 'फर्डिनांडेआ' म्हणून हक्क सांगितला. सप्टेंबरांत फ्रेंच भूशास्त्रज्ञ प्रेव्हो यानें जुलैवरून त्याचें 'ज्यूलिया' असें बारसें केलें.

परंतु बेट होतें सैल राखेचें. लाटांनीं तें झिजवीत नेलें, आणि १८३२ च्या आरंभास तें पाण्याखालीं गेलें. वादही त्याबरोबरच बुडाला. आज त्याचा माथा पाण्याखालीं सहा ते आठ मीटरांवर आहे.

याउलट १९६३ सालीं आइसलंडजवळ उपजलेलें सुर्तसे बेट अद्याप उभें आहे. कारण त्याच्या राखेवर लाव्ह्याचें कठीण कवच चढलें.

म्हणून वर्तमानपत्रांत सीमेचा तंटा वाचतांना निशाण कोणाचें, एवढेंच पाहूं नये. त्याची काठी कशांत रोवली आहे, हेंही पाहावें.