चिपाडाचा कोळसा, मँगनीजची जोड

दौंड तालुक्यात केडगाव-यवतच्या बाजूला गुऱ्हाळं सुरू झाली की चरकातून निघालेली चिपाडं आवारात वाळत पडतात आणि मग चुलवणात जातात. पाटसचा भीमा आणि शिरूर तालुक्यातला न्हावऱ्याचा घोडगंगा हे कारखानेही याच पट्ट्यातल्या उसावर उभे राहिले. टनभर ऊस गाळला की पावणेतीनशे ते तीनशे किलो ओला बगॅस, म्हणजे हीच चिपाडं, उरतो.

चुलवणात भरपूर हवा मिळते, म्हणून चिपाडाची राख होते. तेच हवा न लागू देता सात-आठशे अंशांवर तापवलं तर कार्बन शिल्लक राहतो. पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारखं रसायन घालून तापवलं की त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रं पडतात. वीज झटपट साठवून परत देणाऱ्या सुपरकपॅसिटरचं काम या छिद्रांवरच चालतं. विद्युतभार त्यांच्या भिंतींना नुसता चिकटतो आणि सुटतो. रासायनिक बदल जवळजवळ होत नाही. त्यामुळे हे साधन काही सेकंदांत भरतं आणि लाखो वेळा वापरता येतं. मात्र किलोमागे त्यात साधारण ५ ते १० वॉट-तास मावतात. लिथियम-आयन बॅटरीत दीडशेहून अधिक.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सतीशचंद्र ओगले आणि सहकाऱ्यांनी असा कार्बन करायला चक्क कडुनिंबाचा पाचोळा घेतला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात वेगळं रसायन घालावंच लागलं नव्हतं. छिद्रं पाडण्याचं काम पानांतल्याच घटकांनी आणि धातूंनी केलं, असं त्यांचं म्हणणं. एका ग्रॅम कार्बनचा पृष्ठभाग भरला सुमारे १२३० चौरस मीटर, म्हणजे बारा गुंठे रान! धारिता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, ग्रॅममागे ४०० फॅरड. अर्थात असे आकडे बहुधा फक्त इलेक्ट्रोडच्या वजनावर काढलेले असतात. पूर्ण साधनातलं द्रावण, पत्रा, वेष्टन धरलं की ते बरेच उतरतात.

धारिता वाढवायची तर धातूच्या ऑक्साइडची मदत घेतात. त्याच्या पृष्ठभागावर झटपट रासायनिक देवघेव होते आणि जास्त भार साठतो. १९७१मध्ये इटलीत रुथेनियम ऑक्साइडचा हा गुण दिसला, पण तो धातू फार महाग. मग संशोधक मँगनीज, निकेल, कोबाल्टकडे वळले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात चंद्रकांत लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अशा ऑक्साइडचे पातळ थर साध्या रासायनिक द्रावणातून चढवले. मँगनीज डायऑक्साइडचं खनिज तर भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीत निघतं. अडचण एवढीच, की ते वीज नीट वाहू देत नाही. म्हणून त्याला कार्बनचा आधार द्यायचा.

हा कार्बन बगॅसपासून करता येत असला, तरी त्याला ‘टाकाऊ’ म्हणणं प्रयोगशाळेतच शोभतं. कारखाने तो बॉयलरमध्ये जाळून वीज करतात, ती विकतात. गुऱ्हाळाचं तर सरपणच ते. पाचट उरतं म्हणावं, तर खोडव्यात ते कुजवा, पेटवू नका, असं कृषी विभाग सांगतो. शिवाय उसाच्या राखेत सिलिका बरीच असते, ती धुऊन काढण्याचा खर्च वेगळा. बाजारातले उत्पादक नारळाच्या करवंटीचा कोळसा पसंत करतात, कारण त्याची प्रत पोत्यागणिक फारशी बदलत नाही.